जिना, रॅम्प आणि कठडा : कॉम्प्युटरला न दिसणारी पायरी

‘कॅम्पसवरची एक इमारत रेव्हिटमध्ये उभी करा’ असं टर्म वर्क आलं की काय होतं ते सिव्हिलवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. भिंती, दारं, खिडक्या एका रात्रीत उरकतात. मग येतो जिना, आणि सगळा ग्रुप तिथे अडकतो. आमच्या ग्रुपने गर्ल्स हॉस्टेल निवडलं. कारण साधं, टेप घेऊन रात्री अकरालाही मोजता येतं! पण मोजताना जे सापडलं ते जर्नलमध्ये पुरून टाकण्यासारखं नव्हतं, म्हणून हा लेख. सॉफ्टवेअर येत नसलं तरी वाचा, जिना तर सगळेच चढतात.

आधी दोन शब्द. पायरीच्या उभ्या भागाला राइझर म्हणतात आणि जिथे पाय ठेवतो तो आडवा भाग म्हणजे ट्रेड. मी कॉन्व्हेंटवाली, म्हणून मुद्दाम अस्सल मराठी शब्द शोधायला साइटवरच्या मिस्त्रीकाकांकडे गेले, तर तेही ‘रायजर-ट्रेड’च म्हणाले. तेव्हा तेच वापरते.

ऑटोकॅडमध्ये आपण जिन्याच्या रेघा काढतो. त्या रेघा जिन्याच्या आहेत की झेब्रा क्रॉसिंगच्या, याच्याशी त्याला काही देणं-घेणं नसतं. रेव्हिटचं तसं नाही. हे सॉफ्टवेअर 2000 साली आलं आणि 2002 मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनीच विकत घेतली. त्यात जिना कोणत्या लेव्हलपासून कोणत्या लेव्हलपर्यंत जातो, राइझर जास्तीत जास्त किती आणि ट्रेड कमीत कमी किती, एवढं सांगायचं. बाकी भागाकार ते करतं. आमच्या हॉस्टेलचे दोन मजले फरशी ते फरशी 3300 मिमी अंतरावर आहेत. नॅशनल बिल्डिंग कोड घरांसाठी 190 मिमीपर्यंत राइझर आणि किमान 250 मिमी ट्रेड चालवून घेतो. कॉलेजसारख्या सार्वजनिक इमारतीला मात्र 150 आणि 300. 190 भरलं तर 3300 ला 18 राइझर येतात, प्रत्येकी 183.3 मिमी. 150 भरलं तर बरोब्बर 22. मधे लँडिंग घेऊन 11-11 चे दोन फ्लाइट. दुसरा जिना जास्त जागा खातो, पण गुडघे वाचवतो.

ताळा बघायचा असेल तर दोन राइझर आणि एक ट्रेड यांची बेरीज करा. ती साधारण 600 ते 650 मिमी यावी, म्हणजे माणसाचं एक पाऊल. हे सूत्र सतराव्या शतकातल्या फ्रांस्वा ब्लाँदेल या फ्रेंच माणसाच्या नावावर आहे आणि रेव्हिटमध्ये ते आजही सेटिंग म्हणून बसलेलं आहे. आपल्या जिन्याचं उत्तर येतं दोन वेळा 150 अधिक 300, म्हणजे 600. एकदम पास!

मग त्याच जिन्याच्या शेवटच्या पायरीला सगळ्या का अडखळतात? दुसऱ्या वर्षापर्यंत पायाला सवय होते. पण फर्स्ट इयरच्या मुली दर जुलैमध्ये तिथे बादलीसकट आपटतात, आणि मेसच्या मावशी डब्यांचा ट्रे घेऊन जाताना वरच्या पायरीपाशी थांबून आधी पायाने चाचपतात. मॉडेलमध्ये पाहिलं तर 22 राइझर, सगळे 150. काही दोष नाही.

टेप लावली तेव्हा कळलं. सगळ्यात खालचा राइझर 110 मिमी, सगळ्यात वरचा 190, मधले सगळे 150. मध्यंतरी सगळ्या मजल्यांच्या पॅसेजमध्ये जुन्या फरशीवरच नवीन टाइल्स बसवल्या होत्या. माल आणि टाइल मिळून 40 मिमी. जिना आणि लँडिंगला हात लावला नाही. म्हणून खालच्या पॅसेजने पहिल्या पायरीचे 40 खाल्ले आणि वरच्या पॅसेजने शेवटच्या पायरीत 40 घातले. गंमत म्हणजे दोन्ही मजले सारखेच वर आल्यामुळे फरशी ते फरशी अंतर 3300 च राहिलं. रेव्हिट फक्त ते अंतर बघतं आणि सारखे भाग पाडून मोकळं होतं. 150 च्या चालीला सरावलेल्या पायाला अचानक 190 लागला की बूट पायरीच्या कडेला अडकतो. अमेरिकेतल्या कोडमध्ये एका फ्लाइटमधल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या राइझरमध्ये फक्त 3/8 इंच, म्हणजे साडेनऊ मिमी फरक चालतो. आपल्या वरच्या फ्लाइटमध्ये तो 40 आहे.

हे मॉडेलमध्ये दाखवायचं कसं? जिन्याला बेस ऑफसेट आणि टॉप ऑफसेट दोन्ही उणे 40 द्यायचे, म्हणजे तो जुन्या फरशीपासून जुन्या फरशीपर्यंत जाईल. त्यावर प्रत्येक पॅसेजमध्ये 40 मिमीचा वेगळा फ्लोअर टाकायचा. मग सेक्शन कापा, 110 आणि 190 लगेच दिसतात. उपायही त्याच सेक्शनमध्ये दिसतो. प्रत्येक ट्रेडवर आणि लँडिंगवर तेवढाच 40 मिमीचा थर दिला की सगळे राइझर पुन्हा 150. तोडफोड शून्य. फक्त 900 चा कठडा मग 860 चा होतो, तेव्हा तोही वर उचलावा लागेल. (हे एस्टिमेटमध्ये हमखास विसरलं जाणार, लिहून ठेवा.)

कठड्याची रेव्हिटमधली खोडी तर प्रसिद्धच आहे. जिना काढला की रेलिंग दोन्ही बाजूंना आपोआप येतं, आणि लँडिंगपाशी वळताना वेडीवाकडी उडी मारतं. सगळे सॉफ्टवेअरला शिव्या देतात. पण खालच्या फ्लाइटचा शेवटचा राइझर आणि वरच्याचा पहिला राइझर एकाच रेषेत असले, तर दोन हँडरेलच्या उंचीत एका राइझरचा फरक पडणारच. वरचं फ्लाइट एक ट्रेड मागे सरकवा, दोन्ही हँडरेल आपसूक जुळतात. वेगळं काढलेलं रेलिंग जमिनीवर सपाट लोळत असेल तर त्याला ‘पिक न्यू होस्ट’ने जिना दाखवा. गजांमधली फट 100 मिमीच्या आत ठेवा, लहान मुलाचं डोकं जाऊ नये म्हणून. व्हिजिटर्स डेला हॉस्टेलवर लहान भावंडं येतातच की.

आता रॅम्प. आपल्याकडे आहे एक, मेसच्या दाराला. 600 मिमीची प्लिंथ दोन मीटरमध्ये चढवली आहे, म्हणजे साधारण 1:3.3, जवळपास सतरा अंश. त्याला रॅम्प म्हणण्यापेक्षा घसरगुंडी म्हणावं. गॅस सिलिंडरची ट्रॉली त्यावरून चढवायला दोन काका लागतात, एक ओढायला आणि एक ढकलायला. यंदा फर्स्ट इयरला एक मुलगी व्हीलचेअरवर येते. ती रोज चौघींच्या हातांवर आत येते आणि रोज चार वेळा ‘सॉरी’ म्हणते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 सालचा आहे, आणि व्हीलचेअरसाठी मान्य उतार आहे 1:12, पावणेपाच अंश.

म्हणजे 600 ला 7.2 मीटर उतार. वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा धरली तर 10.2. मेन दारापासून भिंतीलगत कोपऱ्यापर्यंत जागा आहे 7 मीटर. ऑफिसमधून उत्तर आलं, ‘बसत नाही.’ सरळ बसत नाही हे खरं. घडी घातली की बसतो. 3.6 मीटरचे दोन तुकडे शेजारी शेजारी, वळणावर दीड मीटरचं लँडिंग, दारापाशी दीड मीटर. लांबी 6.6. प्रत्येक तुकडा 1.2 रुंद आणि मधे कठड्याला थोडी फट धरून रुंदी 2.6.

रेव्हिटमध्ये हे करताना रॅम्पची टॉप लेव्हल आधी बदला, नाहीतर तो थेट पहिल्या मजल्यावर चढायला निघतो. बेस आणि टॉप एकच लेव्हल ठेवून टॉप ऑफसेट 600 द्या, कमाल उतारात 12 भरा. किती लांबी काढून झाली आणि किती बाकी, हे ते स्वतःच सांगत राहतं. हँडरेल दोन ठेवा. वरची 900 वर, आणि खालची 700 च्या आसपास, ती व्हीलचेअरवरून हाताला येते. दोन्ही टोकांना 300 मिमी पुढे काढा, म्हणजे उतार संपला तरी हात लगेच सुटत नाही.

ड्रॉइंगचा प्रिंट रेक्टर मॅडमकडे दिला आहे. त्यांनी तो बघितला, खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, ‘आणि ह्या गाड्या?’ कारण भिंतीलगतच्या त्या 6.6 बाय 2.6 मीटर जागेत सध्या आपल्याच स्कूट्या उभ्या आहेत. मी मोजल्या, नऊ. त्यातली एक माझी, ती सोमवारपासून मागच्या गेटला लावते आहे. उरल्या आठ.