भाषा, भाव आणि भवितव्य : प्रोग्रामिंगच्या कौशल्यांचा बाजार

अभियांत्रिकीच्या प्रवेशाचा हंगाम आला की पुण्या-मुंबईपासून नांदेड-कोल्हापूरपर्यंतच्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : कोणती प्रोग्रामिंग भाषा शिकली म्हणजे नोकरी चांगली लागते? प्रोग्रामिंग भाषा म्हणजे संगणकाला सूचना देण्याची, नेमक्या नियमांनी बांधलेली लेखनपद्धती. आणि क्लासच्या जाहिरातींवर विश्वास ठेवला तर या प्रश्नाचे उत्तर दर तीन-चार वर्षांनी बदलते, कधी जावा, कधी अँड्रॉइड, कधी डेटा सायन्स, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्ता. गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. कौशल्याचा भाव भाषेच्या नवेपणावर क्वचितच ठरला आहे. त्या भाषेत लिहिलेले काम किती वर्षे चालू ठेवावे लागणार, ते बंद पडल्यास किती नुकसान होणार आणि ते सांभाळणारी माणसे किती उरली आहेत, यांवर तो ठरत आला आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कोबोलचे आहे. १९५९ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या पाठिंब्याने बसलेल्या समितीने व्यापारी हिशेबांसाठी ही भाषा आखली आणि तिच्यावर ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या आधीच्या भाषेचा मोठा प्रभाव होता. बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांचे व्यवहार मेनफ्रेमवर, म्हणजे एकाच वेळी प्रचंड संख्येने व्यवहार हाताळणाऱ्या मध्यवर्ती संगणकावर, याच भाषेत चालू लागले. त्या काळी साठवणुकीची जागा महाग असल्यामुळे वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवण्याची प्रथा पडली, आणि २००० साल जवळ येताच त्या काटकसरीतून ‘वाय-टू-के’ची समस्या उभी राहिली. ती दुरुस्त करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर भारतीय कंपन्यांकडे आले, आणि जी भाषा कालबाह्य म्हणून अभ्यासक्रमांतून बाहेर पडत होती, तिच्याच बळावर अनेक मराठी तरुण परदेशी प्रकल्पांवर रुजू झाले. पुढे एप्रिल २०२० मध्ये, महामारीमुळे बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला असता, न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले.

यावरून कोणी आज केवळ कोबोल शिकायला निघाला, तर मात्र त्याची फसगत होईल. या क्षेत्रात मागणी आहे ती अनुभवी माणसाला, कारण भाषेचे व्याकरण काही आठवड्यांत शिकता येते, परंतु चाळीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या कोडमध्ये व्याजाचा एखादा नियम कोठे दडला आहे आणि तो बदलल्यास आणखी काय काय बिघडेल, हे कळायला व्यवसाय कळावा लागतो. एसएपीच्या बाबतीतही हेच दिसते. एसएपी ही खरेदी, उत्पादन, साठा आणि लेखा यांना एका सूत्रात बांधणारी जर्मन कंपनीची प्रणाली असून अबॅप ही तिची स्वतःची भाषा आहे. तिच्या जुन्या आवृत्तीला मिळणारा मुख्य आधार २०२७ अखेर संपणार असल्यामुळे उद्योगांना ‘एस-फोर हाना’ या नव्या आवृत्तीकडे वळावे लागत आहे. या स्थलांतराच्या कामात नुसत्या अबॅपपेक्षा कारखान्यातील मालाचा आणि पैशाचा प्रवास समजणाऱ्या माणसाला अधिक मान आहे.

कोणत्याही जाहिरातीत ठळक न छापली जाणारी, पण जवळपास प्रत्येक मुलाखतीत विचारली जाणारी भाषा म्हणजे एसक्यूएल. आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती कोष्टकांच्या स्वरूपात साठवण्याची गणिती कल्पना मांडली, डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी त्या कोष्टकांना प्रश्न विचारण्याची भाषा घडवली आणि १९८६ मध्ये ती अमेरिकेत प्रमाणित झाली. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाच्या २०२४ च्या पाहणीत, जिच्यात ६५,००० हून अधिक प्रोग्रामर सहभागी झाले होते, सुमारे निम्म्यांनी आपण एसक्यूएल वापरत असल्याचे सांगितले. अशी पाहणी वापर मोजते, पगार नव्हे. तरीही पन्नाशी उलटलेली भाषा एवढी टिकते, याला अर्थ आहे. तिची सोपी वाक्ये कोणीही लिहू शकतो, परंतु लाखो नोंदींवर तेच वाक्य का रेंगाळते, कोणत्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारखी शोधव्यवस्था, हवी आणि एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्या खात्यात जमा न झाल्यास संपूर्ण व्यवहार मागे कसा घ्यावा, हे जाणणारे थोडेच असतात. यूपीआयच्या काळात हा प्रश्न दर मिनिटाला उभा राहतो, आणि त्याचे उत्तर देणाऱ्याला काम शोधत हिंडावे लागत नाही.

वेबसाइट आणि मोबाइल यांच्या जगाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत पहिले रूप दिलेली जावास्क्रिप्ट आणि मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये तिच्यावर रचलेली टाइपस्क्रिप्ट यांना जागा पुष्कळ आहेत, पण तेथेच उमेदवारांची गर्दीही सर्वाधिक आहे. शिवाय वेबसाइटवर हलती चित्रे व खेळ दाखवणाऱ्या ज्या फ्लॅशवर एके काळी कित्येकांची कारकीर्द उभी होती, तिचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी अधिकृतपणे काढून घेण्यात आला; केवळ एका साधनावर विसंबलेल्यांना तेव्हा पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करावी लागली.

पुण्यापुरते पाहिल्यास एक कौशल्य अजूनही पुरेसे लक्षात घेतले जात नाही : एम्बेडेड प्रोग्रामिंग, म्हणजे यंत्राच्या पोटात बसवलेल्या छोट्या संगणकासाठी लिहायची आज्ञावली. आजच्या मोटारीत ब्रेक, इंजिन, एअरबॅग यांच्यासाठी असे अनेक संगणक असतात आणि त्यांचा बराचसा कोड डेनिस रिची यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये घडवलेल्या सी भाषेत असतो. सीमध्ये स्मृतीच्या हाताळणीतील चूक सहज होते व ती वाहनात जिवावर बेतू शकते, म्हणून १९९८ मध्ये ‘मिस्रा’ची नियमावली आली आणि २००३ मध्ये वाहन कंपन्यांनी एकत्र येऊन ‘ऑटोसार’ हा समान आराखडा सुरू केला. पिंपरी-चिंचवड व चाकणच्या वाहन उद्योगाशेजारीच वाहनांचे सॉफ्टवेअर घडवणाऱ्या कंपन्या वाढल्या. १९९० साली पुण्यात स्थापन झालेली केपीआयटी ही त्यांपैकी ठळक. स्मृतीच्या चुका भाषेच्या पातळीवरच रोखणारी रस्ट डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यात शिरली असली, तरी चालू वाहनांतील सी एवढ्यात हटण्याची चिन्हे नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सची शाखा घेतलेल्या विद्यार्थ्यांनी आपले क्षेत्र सोडून वेबच्या गर्दीत शिरावे, हे खरोखर अनाकलनीय आहे.

पायथनचा भाव सध्या चढा आहे. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा शिकायला सोपी असल्यामुळे ती येणे हे आता वैशिष्ट्य राहिलेले नाही. दुर्मीळ आहे ते तिच्यामागचे संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित आणि अस्ताव्यस्त डेटा साफ करण्याची चिकाटी. मजकूर आणि कोड लिहू शकणाऱ्या आजच्या भाषा-प्रारूपांचा पाया घालणारा ‘ट्रान्सफॉर्मर’ शोधनिबंध २०१७ मध्ये आठ जणांनी लिहिला आणि त्यांतील निकी परमार यांचे पदवीशिक्षण पुण्यातील पीआयसीटी महाविद्यालयात झाले होते, ही गोष्ट पायथनचे तीन महिन्यांचे प्रमाणपत्र विकणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

याच भाषा-प्रारूपांनी आता बाजाराचे गणित बदलले आहे. २०२१ मध्ये कोड सुचवणारे कोपायलट आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर कोडचा पहिला मसुदा जवळजवळ फुकट मिळू लागला. साहजिकच तो मसुदा तपासणे, त्यातील बग, म्हणजे दोष, शोधणे आणि सुरक्षिततेची छिद्रे ओळखणे यांची किंमत वाढली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या फुकट मिळणाऱ्या घटकातील एका त्रुटीने जगभरच्या प्रणाली धोक्यात आल्या होत्या. उसना कोड न वाचता वापरण्याची सवय यंत्रामुळे आता अधिकच पसरेल, असे मानायला जागा आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० जणांना, प्रामुख्याने मधल्या व वरच्या श्रेणींतील कर्मचाऱ्यांना, कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा कंपनीने बोट ठेवले ते कौशल्य आणि काम यांचा मेळ न बसण्यावर. हजारो फ्रेशर घ्यायचे, चार महिने प्रशिक्षण द्यायचे आणि मिळेल त्या प्रकल्पावर बसवायचे, ही जुनी रीत आक्रसत चालली आहे. व्यवस्थापक होऊन कोडपासून दूर गेलेल्यांनाही पूर्वीचे अभय उरलेले नाही.

तेव्हा विद्यार्थ्याने एक भाषा खोलवर, तिच्या जोडीला एसक्यूएल, आणि बँक, वाहन, औषधनिर्मिती किंवा शेती यांपैकी एखाद्या व्यवसायाची खरी ओळख करून घेणे हे आज सर्वांत शहाणपणाचे ठरते. पालकांनीही क्लासची फी भरण्यापूर्वी एकच चौकशी करावी : दुसऱ्याने लिहिलेला, मोठा आणि बिघडलेला कोड वाचून दुरुस्त करण्याचे काम येथे मुलांना दिले जाते काय? उत्तर नकारार्थी असेल, तर ते पैसे दुसरीकडे खर्च करावेत.