जुन्या ईकोखाली तेलाचा डाग? भाव ठरवण्याआधी हे तपासा



मसाले, फरसाण, टिफिन, डेकोरेशन... करी रोड-लालबाग पट्ट्यात धंदा थोडा वाढला की डिलिव्हरीसाठी स्वतःची गाडी हवी असं वाटायला लागतं. नवी परवडत नाही, म्हणून बरेच जण जुनी मारुती ईको बघतात. ही गाडी २०१० पासून बाजारात आहे, त्यामुळे पर्याय भरपूर. पण खाली वाकलं की तेलाचा डाग दिसतो. मालक म्हणतो, "किरकोळ आहे हो, जुन्या गाडीला असतंच." सोबतचा मित्र म्हणतो, "इंजिन गेलंय, सोड!" दोघांचंही लगेच ऐकू नका. डाग किती मोठा आहे यापेक्षा तेल कुठून येतंय, यावर तुमचा खर्च ठरतो.

१. ते इंजिन ऑइलच आहे का?

गाडीखाली पुठ्ठा टाका आणि तासाभराने बघा. तपकिरी किंवा काळं, बोटाला चिकट म्हणजे बहुधा इंजिन ऑइल. जाड आणि उग्र वासाचं असेल तर गिअर ऑइल. हिरवं, गुलाबी किंवा निळं पाण्यासारखं म्हणजे कूलंट. एसी चालू असताना पडणारं स्वच्छ पाणी हा दोष नाही.

२. शोध वरून सुरू करा

ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. इंजिन थंड असताना सीट उचलून टॉर्च मारा. तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं. म्हणजे थेंब जिथे पडतो, तिथेच गळती असेल असं नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा.

३. पुसा, चालवा, पुन्हा बघा

जुन्या चिखलातेलात काहीच कळत नाही. मेकॅनिककडून इंजिन साफ करून घ्या, वीस-पंचवीस किलोमीटर चालवा आणि परत बघा. संशयाच्या जागी थोडी टाल्कम पावडर मारली तर ओली रेघ पटकन दिसते. मालकाने इंजिन आधीच चकाचक धुऊन ठेवलं असेल, तरी हीच फेरी मारायची. गाडीखाली बघायचं तर गॅरेजच्या रॅम्पवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका.

४. जागा सांगते खर्च

- टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टर, ड्रेन नटचा वॉशर, ऑइल प्रेशर स्विच: पार्ट स्वस्त, काम छोटं.
- इंजिनच्या पुढचं क्रँक सील: सील स्वस्त, पण बेल्ट-पुली काढावी लागते.
- इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडातून तेल: मागचं क्रँक सील असू शकतं. सील छोटं, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे मजुरी मोठी आणि गाडी उभी.

इथेच फसगत होते. टॅपेट कव्हरचं तेल ओघळत मागच्या जोडापर्यंत येतं आणि मागचं सील गेल्यासारखं वाटतं. म्हणून "गिअरबॉक्स उतरवू" म्हटलं की आधी वरची बाजू कोरडी आहे का, ते बघा. पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला असेल तरी आतला दाब वाढून सीलमधून तेल येतं. तो तपासल्याशिवाय नवीन सील बसवलं, तर तेही गळू शकतं.

५. घ्यायची की सोडायची?

नुसतं ओलसर आहे, थेंब पडत नाही, डिपस्टिकवर पातळी टिकून आहे, तर गाडी चांगली असू शकते. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या, तेवढी रक्कम भावातून कमी करायला सांगा. तेल गरम सायलेन्सरच्या पाइपवर किंवा बेल्टवर पडत असेल, तर आधी दुरुस्ती, मग व्यवहार. जळका वास आणि धूर हलक्यात घेऊ नका, आगीचा धोका असतो. चालू गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा.

आणि एक हिशेब लक्षात ठेवा. गाडी चार दिवस गॅरेजला राहिली तर मजुरीसोबत चार दिवसांची डिलिव्हरीही जाते. तोही खर्च धरून मगच टोकन द्या.

गाडी बघायला जाताना हा लेख फोनमध्ये उघडा ठेवा. सौदा तुमचा, भांडवलही तुमचंच!