एक प्लग गेला की चारही थंड! जुन्या डिझेल लँड रोव्हरचं वायरिंग लोक का बदलतात?

थंडीची सकाळ आहे. जुनी डिझेल गाडी आहे. चावी फिरवली की स्टार्टर गरगरतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, पण इंजिन काही सुरू होत नाही. प्रत्येक प्रयत्नाला बॅटरी मात्र थोडी थोडी उतरत जाते.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय बॅटरीवर जातो. पण खरा दोष अनेकदा बोटाएवढ्या एका वस्तूत असतो. तिचं नाव ग्लो प्लग. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये तिला सरळ ‘हीटर प्लग’ म्हणतात.

ब्रिटनमध्ये जुन्या लँड रोव्हर जपणारे लोक या प्लगचं वायरिंगच बदलून घेतात. ते नेमकं काय बदलतात आणि त्यात चूक झाली तर काय होतं, ते पाहूया.

हीटर प्लग करतो काय?

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेल इंजिनात ती नसते. इथे हवा जोरात दाबली जाते आणि दाबल्यामुळे ती तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम लागतो, तसंच. या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं.

इंजिन गार असेल तर मात्र आजूबाजूचं लोखंड ही उष्णता शोषून घेतं. जुन्या इंजिनांत डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात पेटायचं. या कप्प्याच्या भिंतींमुळे उष्णता आणखी वाया जायची. लँड रोव्हरचं २.२५ लिटरचं डिझेल इंजिन हवा २३ पट दाबायचं, तरी थंडीत त्याला मदत लागायचीच.

ही मदत हीटर प्लग करतो. त्याचं टोक काही सेकंदांत लालबुंद होतं आणि फवाऱ्याला पेटायला गरम जागा मिळते.

मूळ वायरिंगमध्ये अडचण काय होती?

या गाड्यांमध्ये चारही प्लग सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले होते. दिवाळीतली जुनी दिव्यांची माळ आठवा. एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद. इथेही तेच. एका प्लगची तार तुटली किंवा एखादा जोड गंजला, तरी चारही प्लग थंड पडायचे.

या माळेतल्या प्रत्येक प्लगच्या वाट्याला जेमतेम एक-दोन व्होल्ट यायचे. उरलेला दाब खाण्यासाठी वाटेत एक रेझिस्टर बसवलेला असायचा.

मग बदलतात काय?

प्लग पॅरलल जोडतात. घरातल्या दिव्यांसारखे. प्रत्येकाला बॅटरीचे पूर्ण १२ व्होल्ट मिळतात आणि एक गेला तरी बाकीचे तीन तापत राहतात.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण फक्त वायर इकडची तिकडे करून हे काम होत नाही. तीन गोष्टी सोबत बदलाव्याच लागतात.

१. प्लग: जुने प्लग एक-दोन व्होल्टचे. त्यांना थेट १२ व्होल्ट दिले तर ते काही क्षणांत जळतात. म्हणून १२ व्होल्टचेच, आटे आणि लांबी त्या हेडला जुळणारे प्लग लागतात.

२. रेझिस्टर: तो वाटेतून काढावा लागतो. राहिला तर नवे प्लग नुसते कोमट होतात.

३. रिले, फ्यूज आणि जाड वायर: एक प्लग साधारण १० अँपिअर करंट घेतो, म्हणजे चार मिळून ४०. हे झाले जवळपास ४८० वॅट, दोन्ही हेडलाइटच्या चौपट! एवढा भार झिजलेल्या जुन्या स्विचवर टाकणं धोक्याचं. त्यामुळे बॅटरीपासून जाड वायर, बॅटरीजवळच फ्यूज आणि पुढे रिले असा मार्ग करतात. स्विचने फक्त रिलेला हुकूम द्यायचा. वायर बारीक राहिली आणि फ्यूज नसला, तर वरचं आवरण वितळून गाडीला आग लागू शकते.

नव्या प्लगचा परतीचा करंट इंजिनच्या धातूतून जातो. त्यामुळे बॅटरी ते इंजिन ही अर्थिंगची पट्टी स्वच्छ आणि घट्ट हवी.

बटण दाबून ठेवलं तर?

काही जण रिले चालवायला डॅशबोर्डवर वेगळं बटण बसवतात. जास्त तापवलं तर गाडी लवकर सुरू होईल, असं वाटून ते दाबूनच ठेवलं जातं. प्लग बनवणाऱ्याने दिलेल्या वेळेपेक्षा जास्त तापवलं की टोक फुगतं, कधी तुटतं. तुटलेला तुकडा इंजिनात पडला तर खर्च प्लगचा राहत नाही, इंजिनचा होतो.

आणखी एक चूक म्हणजे प्लग गरम असताना एअर इनटेकमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारणं. त्यातला ईथर भलत्याच वेळी पेटून स्फोट होऊ शकतो.

फायद्यामागे लपलेला तोटा

जुन्या माळेत बिघाड झाला की लगेच कळायचं, कारण गाडी सुरूच व्हायची नाही. पॅरलल वायरिंगमध्ये एक प्लग गेला तरी गाडी थोडी खोकत, धूर सोडत सुरू होते. मालक दुर्लक्ष करतो. मग दुसरा जातो, आणि कडाक्याच्या थंडीत एके दिवशी गाडी जागची हलत नाही.

म्हणून हिवाळ्याआधी प्रत्येक प्लगची वायर सोडवून मल्टिमीटरने तपासावं. चांगल्या प्लगचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसतो. मीटरने सर्किट तुटलेलं दाखवलं, तर तो प्लग गेला.

आणि हो, हा प्रयोग आजच्या डिझेल गाडीवर करू नये. तिथे प्लगवर कंप्युटरचं नियंत्रण असतं आणि कितीतरी प्लग १२ व्होल्टपेक्षा बऱ्याच कमी दाबाचे असतात. त्यांना थेट बॅटरी जोडली, तर लँड रोव्हरच्या जुन्या प्लगसारखेच तेही जळतील.