औषधाबरोबर बाटलीचाही विचार

दूषीविषाचे वर्णन आपण सर्वांनी अभ्यासले आहे: मंदवीर्य झालेले, शरीरात दडून राहणारे आणि अनुकूल काळ येताच प्रकुपित होणारे. प्लास्टिकमधील संप्रेरकांच्या कार्यात बाधा आणणाऱ्या रसायनांचा विषय निघाला की त्याचे स्मरण होते. परंतु हे साम्य अपुरे आहे. बिस्फिनॉल-ए हे द्रव्य बहुतांशी एका दिवसात मूत्रावाटे बाहेर पडते. आपण ते रोज नव्याने सेवन करतो. म्हणूनच येथे निदानपरिवर्जन हीच प्रमुख चिकित्सा ठरते.

बिस्फिनॉल-एचा इस्ट्रोजेनसदृश गुण १९३६ मध्येच ज्ञात झाला होता. १९९८ साली अमेरिकेत डॉ. पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे चुकून तीव्र डिटर्जंटने धुतले गेले. त्यांतून हे द्रव्य सुटले आणि माद्यांच्या बीजांडांतील गुणसूत्रांची मांडणी बिघडली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याची दैनंदिन सह्य मात्रा पूर्वीच्या वीस हजारांश केली. बीजकोषग्रंथींच्या विकाराने (पीसीओएस) पीडित स्त्रियांच्या रक्तातही ते अधिक आढळले आहे. मात्र तेच कारण, असे सिद्ध झालेले नाही. रुग्णेशी बोलताना हा विवेक आपण राखावा.

मऊ पीव्हीसीला लवचीकता देणारे थॅलेट तर आपल्या व्यवसायाच्या अधिक निकटचे आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांत काही थॅलेटांनी गर्भस्थ नराच्या टेस्टोस्टेरॉनची निर्मिती घटवली. ते प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेले नसतात; स्नेहात सहज उतरतात आणि उष्णतेने त्यांची गती वाढते. आपली सिद्ध तैले आणि घृते म्हणजे स्नेहच!

पेट बाटल्यांत ही दोन्ही द्रव्ये घटक म्हणून नसतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही उष्णतेने त्यांतून अँटिमनी काही अंशी पाझरते.

यास्तव औषधी निर्मात्यांना आमची विनंती आहे: तैल पूर्ण थंड झाल्यावरच भरावे; शक्य तेथे काच वापरावी; भरण्याच्या नळ्या आणि झाकणांतील चकत्या कशाच्या आहेत, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. वैद्यांनी गरम काढा प्लास्टिकच्या पेल्यात न घेण्याची सूचना पथ्यपत्रकावर छापावी. गर्भिणी व बालकांच्या बाबतीत ती तोंडीही द्यावी.

आसवारिष्टांसाठी घृतलिप्त मृद्भांड सांगणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. पात्राचा विचार आपल्याला नवा नाही. तो पुन्हा नित्याचा व्हावा, एवढेच.