एका मताचं वजन १७५

राष्ट्रपती कसे निवडले जातात, असं विधान भवनातल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याला विचारलं की ते उत्तराआधी कागद-पेन्सिल पुढे सरकवतात. घर वसईत, पारनाक्याजवळ. नोकरीची सगळी वर्षं वसई-चर्चगेट अप-डाउन आणि दिवसभर विधान भवनातल्या फायली. "लिहा," ते सांगतात, "पाच कोटी चार लाख बारा हजार दोनशे पस्तीस. भागिले दोनशे अठ्ठ्याऐंशी. आलेल्याला पुन्हा हजाराने भागा." भागाकार समोरच्यानेच करायचा, असा त्यांचा आग्रह. उत्तर १७५.०४ येतं. ते पेन्सिलीने दशांशापुढचं खोडतात आणि म्हणतात, "एकशे पंचाहत्तर. आपल्या आमदाराचं मत एवढ्या वजनाचं."

पहिली संख्या १९७१च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या, दुसरी विधानसभेतल्या निवडून आलेल्या आमदारांची. हीच रीत प्रत्येक राज्याला लागू. म्हणून उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८, तामिळनाडूचं १७६, गोव्याचं २०, सिक्कीमचं ७. सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज करून ती निवडून आलेल्या खासदारांमध्ये वाटली की खासदाराच्या मताचं मूल्य मिळतं. २०२२मध्ये ते ७०० होतं. नामनियुक्त सदस्यांना मत नाही. विधान परिषदेच्या ७८ सदस्यांनाही नाही, जरी दोन्ही सभागृहं एकाच इमारतीत भरत असली तरी.

आता एक हिशेब, जो पालघर जिल्ह्यातल्या माणसाने एकदा तरी मांडून पाहावा. जिल्ह्यात डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, नालासोपारा आणि वसई असे सहा मतदारसंघ. सहा गुणिले १७५ म्हणजे १,०५०. अख्ख्या गोव्याचे ४० आमदार मिळून होतात ८००.

मतदानाच्या दिवसाबद्दल मात्र हे गृहस्थ आकडे बाजूला ठेवून बोलतात. आमदारांची मतपत्रिका गुलाबी, खासदारांची हिरवी. आत जाताना स्वतःचं पेन बाहेर ठेवायचं आणि निवडणूक आयोगाने दिलेलं जांभळ्या शाईचं पेन घ्यायचं. २०१६मध्ये हरियाणात राज्यसभेच्या निवडणुकीत भलत्याच पेनाने खुणा झाल्या आणि बरीच मतं बाद ठरली; त्यानंतरची ही खबरदारी. उमेदवाराच्या नावापुढे पसंतीक्रम आकड्यात लिहायचा. इंग्रजी 1 चालतो, रोमन चालतो, आणि आपला देवनागरी १सुद्धा चालतो. अक्षरी 'एक' लिहिलं की मत बाद. हे सांगताना ते हवेत बोटाने १ काढून दाखवतात, शिरोरेषा न देता, सावकाश. पक्षाचा व्हिप इथे लागू होत नाही. कोणी कोणाला मत दिलं, ते कोणालाच दाखवायचं नसतं.

इतकी काळजी घेऊनही १८ जुलै २०२२ला देशभरात ५३ मतं बाद झाली. त्यातली चार महाराष्ट्रातली. बाकी १८१ द्रौपदी मुर्मू यांना, ९८ यशवंत सिन्हा यांना. चार मतं म्हणजे सातशे मूल्य, एका खासदाराएवढं. कायदे करण्यासाठी निवडून दिलेल्या माणसाला एक आकडा नीट लिहिता येऊ नये, ही गोष्ट मतदाराने मनाला लावून घ्यावी अशीच आहे.

मतदान संपलं की पेटीला मोहोर लागते आणि ती दिल्लीला निघते. विमानात ती सामानासोबत जात नाही. पेटीच्या नावाने वेगळं तिकीट काढतात आणि पुढच्या रांगेत, अधिकाऱ्याच्या शेजारच्या आसनावर ती ठेवतात.

पसंतीक्रमातला २चा आकडा एकदाच कामाला आला. ती १९६९ची निवडणूक मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी, कारण तिसऱ्या क्रमांकावर आपले चिंतामणराव देशमुख होते, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरींना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. मग मागचे उमेदवार एकेक करून बाद होत गेले, त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली आणि गिरी ४,२०,०७७वर पोचले.

संघराज्यात राज्यांचं वजन कसं बदलतं, ते याच विधान भवनात दुसऱ्या एका कामातही दिसलं. जीएसटीसाठीची घटनादुरुस्ती संसदेने ऑगस्ट २०१६मध्ये मंजूर केली, पण ती राष्ट्रपतींच्या सहीसाठी जाण्याआधी किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागणार होती. महाराष्ट्राने ती २९ ऑगस्टला दिली. ८ सप्टेंबरला प्रणव मुखर्जींनी सही केली. वसईतल्या वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमधल्या छोट्या कारखानदाराचं बिलबुक त्या सहीने बदललं. तिथे मात्र १७५ नव्हते. संमती मोजताना महाराष्ट्र एक राज्य आणि गोवाही एक राज्य.

आणि तरी मन परत त्या १७५कडेच जातं, कारण त्यातली माणसं १९७१ची आहेत. तेव्हा वसई हा ठाणे जिल्ह्यातला केळीच्या बागांचा, पानवेलींचा, मिठागरांचा तालुका होता. २०११मध्ये एकट्या वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. गिरगाव-लालबाग सोडून विरारला आलेली कुटुंबं १९७१लाही महाराष्ट्रातच मोजली गेली होती, ती या १७५मध्ये आहेत. पण नालासोपाऱ्यात रिक्षा चालवणाऱ्या जौनपूरच्या माणसाचं काय? त्याचे वडील त्या वर्षी तिकडे मोजले गेले. तो इथे मत देतो, इथे पाण्याच्या टँकरसाठी थांबतो, त्याची मुलं इथल्या शाळेत जातात, आणि घराण्याचं वजन अजून उत्तर प्रदेशच्या २०८मध्ये आहे.

लोकसंख्या गोठवण्यामागचं कारण खोटं नव्हतं. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनापासून केलं त्यांचं राजकीय वजन घटू नये, म्हणून १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने १९७१चे आकडे कायम केले आणि पुढे ८४व्या दुरुस्तीने ती मुदत वाढवली. दक्षिणेकडच्या राज्यांची काळजी आजही रास्त आहे. पण जन्मदर कमी ठेवण्याचं बक्षीस देताना पोटापाण्यासाठी स्थलांतर केलेल्या माणसाला कागदावर जुन्याच गावी ठेवलं गेलं, आणि हे पन्नास वर्षं चाललं. वसई-विरारसारख्या शहराला ते अन्यायाचंच वाटणार.

घटनेत आज लिहिलं आहे ते असं: २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१च. ती जनगणना २०२७ची. राष्ट्रपतींची पुढची निवडणूकही २०२७च्या जुलैच्या सुमारास. नवे आकडे लागू होतील तेव्हा १७५च्या जागी कोणती संख्या येईल, यावर राज्याराज्यांत भांडणं होतील आणि ती व्हायलाही हवीत. नालासोपाऱ्यातल्या त्या रिक्षावाल्याचं घर मात्र या भागाकारात पहिल्यांदाच महाराष्ट्राच्या बाजूने मोजलं जाईल.