वाहते पाणी आणि गावची विहीर

उघड्या उतारावरून पावसाचे पाणी वेगाने धावू लागले म्हणजे ते सुपीक माती व उकिरड्याची घाण घेऊन विहिरीत उतरते. विहीर दूषित होते आणि भूमीत पाणीही मुरत नाही.

हिवरे बाजार (जिल्हा अहिल्यानगर) येथे १९९० च्या दशकात डोंगरउतारावर समपातळी चर खोदून हा वेग रोखण्यात आला. तेथे पर्जन्यमान मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो.

शिक्षकांनी हेच गणित वर्गात घ्यावे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडल्यास २,५०० लिटर. मृगापूर्वी विद्यार्थ्यांसह विहिरीभोवतालचा उतार पाहावा. उकिरडा वरच्या अंगास असल्यास ते ग्रामपंचायतीच्या निदर्शनास आणावे.