घरबसल्या मोटारशर्यत : साहित्य कसे निवडावे?

सभासद बंधूंच्या घरांतील तरुण मंडळी अलीकडे डोळ्यांवर व्हीआरचा चष्मा चढवून घरबसल्या मोटारशर्यत खेळू लागली आहेत. खर्च लहानसहान नसल्याने वडीलधाऱ्यांनीही त्यातील खुबी जाणून घ्यावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मुलांचे मन प्रथम स्टिअरिंगवर जाते. आमच्या मते पैसा आधी संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर पडावा. चष्म्यात दोन डोळ्यांसाठी दोन निरनिराळी चित्रे सेकंदाला सुमारे ९० वेळा नवी काढावी लागतात. डोळे म्हणतात गाडी धावते आहे, आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते शरीर जागीच आहे; या दुमतामुळे मळमळ होते व चित्र अडखळू लागले की ती बळावते. म्हणून आरंभी दहा मिनिटांवर खेळू नये. मळमळ वाटताच चष्मा उतरवावा. २०२३ साली निघालेला मेटा क्वेस्ट ३ हा चष्मा संगणकास जोडता येतो व नवशिक्यास पुरेसा आहे.

स्टिअरिंग दातेरी चक्रांचे, लॉजिटेक जी २९ सारखे, चालेल. मोटारीवर थेट बसविलेले स्टिअरिंग सरस खरे, परंतु त्याला भक्कम बैठक लागते. त्यापेक्षा ब्रेकचे पेडल चांगले घ्यावे. पाय किती खाली गेला हे न पाहता किती जोराने दाबला हे जे मोजते, ते उत्तम. त्यातील लोडसेल म्हणजे आपल्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो त्याच जातीचा.

खुर्ची मात्र चाकांची नसावी; ब्रेक दाबताच ती मागे सरते. दुसरी नसेलच तर मागे गव्हाची भरलेली गोणी टेकवावी.